एका नावाची सहा माणसे

मागच्या महिन्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला. तो एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो. म्हणाला, "मामू, एक कागद पाठवतो, वाचून सांगाल का? आपल्याकडच्या नावांबद्दल आहे." पोंभुर्ण्यात बसून मी सॉफ्टवेअरबद्दल काय सांगणार, असे वाटले. पण नावांचा विषय म्हटल्यावर नाही म्हणवेना.

कागद दीड पानाचा होता. 'युजर सर्च' नावाच्या साधनाची ती माहितीपत्रिका होती. नाव टाकायचे आणि नोंदणीतला माणूस शोधून घ्यायचा, एवढेच त्या साधनाचे काम. नवी गोष्ट एवढीच की ही पत्रिका माणसांसाठी लिहिलेली नव्हती. ती वाचणार होता एआय एजंट.

एजंट म्हणजे नुसता प्रश्नोत्तरे करणारा चॅटबॉट नाही. त्याला कामे सांगता येतात. अमक्याचा अर्ज शोध, तमक्याला संदेश पाठव, या यादीतून ते नाव कमी कर. ही कामे करायला त्याच्या हाती साधने दिलेली असतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रोपिक या कंपनीने 'मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल' जाहीर केला आणि अशी साधने जोडण्याची एक सामाईक रीत पडली. साधनाला एक नाव, एक वर्णन आणि कोणती माहिती भरायची त्याचा साचा. साधनाच्या पोटात काय चालते ते एजंटला दिसत नाही. वर्णनात जे लिहिले तेवढेच त्याला ठाऊक. पूर्वी असे कागद प्रोग्रामर वाचायचे. कागद अर्धवट असला तरी निभावून जाई, कारण शंका आली की प्रोग्रामर शेजारच्या टेबलावर जाऊन विचारी. एजंट वाचतो आणि लगेच कामाला लागतो.

भाच्याच्या कागदात एक वाक्य होते: नाव दिल्यास सर्वांत जास्त जुळणारी व्यक्ती परत मिळते. मी तिथेच अडलो.

अडण्याचे कारण घरातले आहे. काही वर्षांपूर्वी अब्बांच्या धानाचे पैसे त्यांच्याच नावाच्या दुसऱ्या एका माणसाच्या खात्यावर गेले. तो माणूस शेजारच्या तालुक्यातला, वयाने अब्बांपेक्षा वीस वर्षांनी लहान. त्या कार्यालयातल्या कुणाचे वाईट मनात नव्हते. यादीत नाव शोधले, पहिले जुळले ते धरले, एवढेच. अब्बा दर आठवड्याला जाऊन सांगत, "साहेब, तो मी नाही." समोरचा संगणकाकडे बोट दाखवून म्हणे, "नाव तर हेच आहे ना?" पैसे मिळायला चौदा महिने लागले. ज्याच्या खात्यात गेले होते तो बिचारा प्रामाणिक निघाला म्हणून मिळाले.

आमच्या विदर्भातल्या मुसलमानांच्या नावांची ठेवणही या यंत्रांना मानवणारी नाही. समजा, एकाचे नाव शेख रहीम शेख करीम. रहीम हा मुलगा, करीम हा बाप, आणि 'शेख' दोघांच्याही आधी. अर्जात मात्र तीन रकाने असतात: पहिले नाव, मधले नाव, आडनाव. मग याचे पहिले नाव 'शेख', मधले 'रहीम शेख' आणि आडनाव 'करीम' होऊन बसते. पुढे कुणी 'रहीम शेख' शोधले तर हा सापडत नाही, आणि नुसते 'शेख' शोधले तर अर्धे गाव सापडते. त्यात मोहम्मद, मुहम्मद, महंमद, मो., मोहंमद अशी लेखने. जाकिरच्या 'ज'खाली कुणी उर्दूच्या आठवणीने नुक्ता देतो, कुणी देत नाही. नुक्ता दिलेला 'ज़' संगणकात दोन वेगळ्या पद्धतींनी साठवता येतो. डोळ्यांना दोन्ही सारखे, पण जुळवून पाहण्याआधी कुणी ते एकसारखे करून घेतले नाहीत तर यंत्राला ती दोन नावे.

हे दुखणे फक्त आमचे नाही. आमच्या भागात मडावी, आत्राम, सिडाम, कोडापे ही आडनावे गावोगाव आहेत. मेश्राम आणि गेडाम तर गोंडांतही आहेत आणि बौद्धांतही. आडनावावरून जमात ओळखायला निघालेला माणूस इथे हमखास तोंडावर पडतो. यंत्र पडले तर त्याला लागत नाही, ज्याचे नाव चुकते त्याला लागते.

भाच्याला काय लिहावे याचा विचार करताना लक्षात आले की हा प्रश्न आपल्याकडे अकराशे-बाराशे वर्षांपूर्वी कुणीतरी फार गांभीर्याने घेतला होता. आपल्या पूर्वजांनी एआय शोधला होता असले काही मला म्हणायचे नाही. तसे म्हणणाऱ्यांची या देशात कमतरता नाही. पण हदीसच्या अभ्यासकांपुढे नेमकी हीच अडचण होती. प्रेषित मुहम्मद (स.) यांचे एखादे वचन 'अमक्याने तमक्याकडून ऐकले' अशा साखळीने येते. साखळीतली माणसे विश्वासू आहेत की नाहीत, यावर त्या वचनाचे मोल ठरते. ते ठरवण्यासाठी साखळीतला 'हम्माद' कोणता हम्माद, हे आधी कळले पाहिजे. त्यातून 'अस्मा-उर-रिजाल' नावाची विद्या उभी राहिली. अस्मा म्हणजे नावे, रिजाल म्हणजे माणसे. हजारो रावींची, म्हणजे कथन करणाऱ्यांची, ही नोंदवही.

इमाम बुखारी (८१०–८७०) यांचे 'अत्-तारीख अल्-कबीर' हे या विद्येतले सुरुवातीचे मोठे पुस्तक. ते अक्षरक्रमाने लावलेले आहे, पण सुरुवात 'मुहम्मद' नावाच्या लोकांपासून होते. प्रेषितांच्या नावाच्या आदरापोटी क्रम मोडला आहे. आता हे ज्याला माहीत नाही तो 'मीम' अक्षराखाली मुहम्मद शोधत बसेल. शोधाच्या साधनाला माहितीपत्रिका का लागते, ते एवढ्यावरून कळावे.

त्याहून मोलाचे काम बगदादच्या खतीब यांनी केले. अल्-खतीब अल्-बगदादी यांचा काळ १००२ ते १०७१. त्यांचे एक पुस्तक केवळ समान नावाच्या माणसांवर आहे, 'अल्-मुत्तफिक वल्-मुफ्तरिक'. अर्थ साधारण असा: नावाने एक, माणसे वेगळी. दुसरे एक पुस्तक तर मला आजच्या संगणकवाल्यांच्या टेबलावर ठेवावेसे वाटते. त्याचा विषय आहे 'जमा' आणि 'तफरीक' यांतल्या चुका. दोन माणसांना एक समजणे ही जमाची चूक, आणि एकाच माणसाची दोन नावे पाहून त्याला दोन समजणे ही तफरीकची. या पुस्तकात खतीब ज्यांच्या चुका आधी काढतात ते दुसरेतिसरे कुणी नसून स्वतः इमाम बुखारी आहेत. आदर आपल्या जागी, पण दोघांचा एक झाला असेल तर तसे लिहायचे. त्याच्याही आधी, दहाव्या शतकात, दारकुत्नी यांनी लिहिताना सारखी दिसणारी पण उच्चारात वेगळी असणारी नावे एकत्र केली होती. नुक्ते आणि स्वरचिन्हे गाळून लिहिले तर अरबीत 'बिश्र' आणि 'बुस्र' अगदी एकसारखे दिसतात. जाकिरच्या नुक्त्याचे भांडण आजचे नाही, ते असे.

तेराव्या शतकात इब्न सलाह (११८१–१२४५) यांनी हदीसशास्त्राची जी प्रस्तावना लिहिली, तिच्यात एकाच नावाची उदाहरणे दिली आहेत. 'खलील बिन अहमद' या नावाची सहा माणसे ते सांगतात. त्यांतला पहिला बसऱ्याचा प्रसिद्ध व्याकरणकार, सीबवयहीचा गुरू. नाव एक, बापाचे नावही एक, आणि माणसे सहा. 'अहमद बिन जाफर बिन हमदान' या नावाचे चौघे तर एकाच काळातले. इथे आजोबांचे नावसुद्धा उपयोगी पडत नाही. आणि नुसते 'अब्दुल्लाह' आले तर? मक्केत असाल तर इब्न जुबैर, मदिनेत इब्न उमर, कूफ्यात इब्न मसूद, बसऱ्यात इब्न अब्बास, खुरासानात इब्न मुबारक. विचारणारा कुठे उभा आहे त्यावर उत्तर ठरते. 'हम्माद'चेही तसेच. सुलेमान बिन हर्ब नुसते 'हम्माद' म्हणत असतील तर तो हम्माद बिन जैद, आणि तबूजकी म्हणत असतील तर हम्माद बिन सलमा. कोण कुणाकडून शिकला ते पाहायचे. म्हणूनच दमास्कसच्या मिज्जींनी (१२५६–१३४१) आपल्या कोशात प्रत्येक माणसाखाली त्याच्या गुरूंची आणि शिष्यांची यादी दिली. नाव चुकेल, पण ओळखीच्या माणसांचे जाळे सहसा चुकत नाही.

या परंपरेतल्या एका छोट्या खुणेवर माझा फार जीव आहे. इब्न हजर (१३७२–१४४९) यांचा 'तकरीब' हा आटोपशीर कोश. हदीसच्या सहा प्रमुख ग्रंथांत आलेल्या माणसांसाठी तो रचलेला. त्यात मधूनमधून अशा माणसांची नोंद येते, ज्यांचा त्या ग्रंथांशी काही संबंध नाही. त्यांच्यापुढे 'तमयीज' असे लिहिलेले असते. तमयीज म्हणजे वेगळेपण ओळखणे. ही माणसे तिथे आहेत ती केवळ वाचकाची फसगत होऊ नये म्हणून. तुम्हाला हवा असलेला हा नव्हे, पण नाव तेच आहे, जरा थांबा. कोशाच्या सुरुवातीला इब्न हजर सांगतात की माणसांचे दर्जे बारा आहेत, पिढ्या बारा धरल्या आहेत, आणि कोणत्या अक्षराचा कोणता ग्रंथ. हीसुद्धा माहितीपत्रिकाच.

आणि माणूस सापडला नाही तर? त्यालाही शब्द आहेत. जो कोण हेच कळत नाही तो एक प्रकारचा 'मजहूल'. जो कोण ते कळते पण कसा ते कळत नाही, तो दुसऱ्या प्रकारचा. दोन्ही अज्ञान वेगवेगळे नोंदवायचे.

वाचकांना वाटेल, हे सगळे अरबस्तानातले. म्हणून आपल्याच मुलखाचे एक उदाहरण देतो. आपला चांदा जिल्हा पूर्वी मध्य प्रांतात होता. त्या प्रांतातल्या जातीजमातींवर रसेल आणि हिरालाल यांचे चार खंड १९१६ मध्ये निघाले. गोंडांवर लिहिणारा कुणीही आजही ते उघडतो. त्यातले रसेल म्हणजे रॉबर्ट रसेल. आणि नाव उच्चारावरून शोधण्याची जगातली सर्वांत प्रसिद्ध पद्धत, 'साउंडेक्स', तिचे पेटंट १९१८ मध्ये अमेरिकेत ज्याने घेतले त्याचे नावही रॉबर्ट रसेल. दोघांच्या कामांत दोन वर्षांचे अंतर. एखाद्या यंत्राने दोघांना एक केले तर नवल नाही. खतीब असते तर त्यांनी दोन गोष्टी पाहिल्या असत्या. मधले नाव: आपल्याकडचा 'व्हेन', तिकडचा 'सी'. आणि मृत्यूचे साल: आपल्याकडचे रसेल ३० डिसेंबर १९१५ रोजी 'पर्शिया' जहाज पाणबुडीने बुडवले तेव्हा गेले, त्यांचे पुस्तक त्यांच्यामागे निघाले. मेलेला माणूस १९१८ मध्ये पेटंट घेत नाही.

साउंडेक्सची युक्ती सोपी आहे. नावाचे पहिले अक्षर ठेवायचे, स्वर टाकायचे, उरलेल्या व्यंजनांचे सहा गट करून त्यांना आकडे द्यायचे. १९३५ मध्ये अमेरिकेत सामाजिक सुरक्षेचा कायदा आला आणि म्हाताऱ्या लोकांना वयाचा पुरावा लागू लागला. तेव्हा जुन्या जनगणनांची सूची या पद्धतीने केली गेली, कारण गणना करणाऱ्याने नाव कसे लिहिले असेल याचा नेम नव्हता. मी कागद-पेन घेऊन आपली नावे तिच्यात घालून पाहिली. इंग्रजीत शेख कितीही प्रकारे लिहा, 'एस २००' येते. सय्यदच्या सगळ्या लेखनांचे 'एस ३००'. छान. पण शेखचे संक्षिप्त रूप 'एसके' लिहिले की 'एस ०००', आणि माणूस हरवला. कुरेशी 'क्यू'ने लिहिला की एका खणात, 'के'ने लिहिला की दुसऱ्या. मोहम्मद पूर्ण लिहिला तर 'एम ५३०', 'एमडी' लिहिला तर 'एम ३००'. ज्यांची नावे डोळ्यांपुढे ठेवून ही पद्धत केली ते लोक वेगळे होते. तिला दोष देण्यात अर्थ नाही. पण ती कुणासाठी चालते आणि कुणासाठी नाही, हे कागदावर लिहिलेले असावे.

लिहिलेले नसले की काय होते, याची एक मोठी गोष्ट कोर्टात गेली आहे. फेब्रुवारी २०११ मध्ये कॅलिफोर्नियात सर्जिओ रामिरेझ नावाचा माणूस गाडी घ्यायला गेला. विक्रेत्याने त्याचा अहवाल मागवला, तर ट्रान्सयुनियन या कंपनीच्या अहवालात तो सरकारच्या दहशतवादी-तस्करांच्या यादीशी जुळत असल्याची सूचना निघाली. कंपनी केवळ पहिले आणि शेवटचे नाव ताडून पाहत होती. जन्मतारीख तिच्याकडे असूनही मिळवून पाहत नव्हती. असे ८,१८५ लोक निघाले. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने त्यांपैकी १,८५३ जणांचाच दावा टिकतो असे ठरवले, कारण त्यांचेच अहवाल बाहेर कुणाला गेले होते. उरलेल्यांच्या फायलीत ती सूचना नुसती पडून होती.

आपल्याकडचे उदाहरण तर वाचकांना आठवत असेल. आसामचे मोहम्मद सनाउल्लाह, तीसेक वर्षे भारतीय लष्करात काढलेले. मे २०१९ मध्ये त्यांना परदेशी ठरवून डिटेन्शन कॅम्पात टाकले. जूनमध्ये हायकोर्टाने जामीन दिला. ज्या तपासावर ते प्रकरण उभे होते तो करणाऱ्या निवृत्त अधिकाऱ्याने नंतर सांगितले की त्याने चौकशी केलेला सनाउल्लाह वेगळाच होता. जमाची चूक, खतीब यांच्या भाषेत.

पोंभुर्ण्यात आम्हाला तफरीकची चूक जास्त भोवते. २००६ च्या वनहक्क कायद्यात आदिवासी नसलेल्यांना १३ डिसेंबर २००५ च्या आधीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा, वास दाखवावा लागतो. म्हणजे १९३० च्या आधीचा कागद. तेव्हा आपण मध्य प्रांतात. आजोबा किंवा पणजोबांचे नाव कुठल्या तरी कारकुनाने कानाला ऐकू आले तसे लिहिलेले. त्या कागदावरचा 'सेक इभ्राम' आणि नातवाच्या आधारवरचा 'शेख इब्राहीम' एकच आहे, हे गावातली म्हातारी माणसे क्षणात सांगतात. यंत्र म्हणते, जुळत नाही. अर्ज बाद.

या सगळ्यातून भाच्याला मी जे लिहून पाठवले ते फार नव्हते. 'सर्वांत जास्त जुळणारी व्यक्ती' हे वाक्य काढ. एकापेक्षा जास्त माणसे जुळली तर सगळी दे, आणि प्रत्येकासोबत गाव, बापाचे नाव आणि जन्मसाल दे, म्हणजे फरक दिसेल. आधार क्रमांक किंवा फोन दाखवू नकोस. ओळख पटवायला एवढे उघडे करावे लागत नाही. फरक कळत नसेल तर एजंटने पुढचे काम करू नये, माणसाला विचारावे, हे वर्णनातच स्पष्ट लिही. आणि एकच जुळला तरी तो तोच आहे असे धरू नये. पैसे देणे किंवा नाव कापणे असले काम असेल तर निदान दुसरी एक खूण मिळवून पाहावी.

न सापडण्याबद्दलही लिहिले. 'सापडला नाही' याचा अर्थ 'अस्तित्वात नाही' असा होत नाही, आणि एजंटने तसे सांगू नये. यावर भाच्याने मला एक गोष्ट शिकवली. गिटहब या संगणकवाल्यांच्या संकेतस्थळावर माणसे शोधली तर उत्तरासोबत एकूण किती जुळले ते येते, आणि शोध वेळेत पुरा झाला नसेल तर 'हे उत्तर अपुरे आहे' अशी खूणही येते. नावे एका वेळी ३० मिळतात, फार तर १००, आणि पहिल्या १,००० च्या पुढे जाता येत नाही. तो म्हणाला, "मामू, ती खूण बरेच जण वाचतच नाहीत." मी म्हटले, तुझ्या कागदात मग ती सगळ्यात वर लिही.

आठवडाभराने सुधारलेला कागद आला. दीडाची चार पाने झाली होती. त्याच्या साहेबांना ती लांब वाटली म्हणे, पण उदाहरणे राहू दिली. शेख रहीम शेख करीम तिथे आहे. मेश्राम आहे. दोन रॉबर्ट रसेलही त्याने घातले आहेत आणि एकापुढे कंसात 'तमयीज' लिहिले आहे. एजंटला ते कळते का, मला माहीत नाही.

बायकांच्या नावांचा रकाना मात्र अजून रिकामा आहे. 'शबाना बी शेख रहीम' असे लिहिले तर शेख रहीम हा बाप की नवरा, हे आमच्याकडचा कागद सांगत नाही. मिज्जींची युक्ती इथे अर्धीच चालते, कारण लग्नानंतर गाव बदलते आणि ओळखीची माणसेही बदलतात. भाच्याने विचारले, अशा वेळी साधनाने नेमके काय विचारावे? मी त्याला म्हटले, हे तुझ्या आईला विचार. तिच्या शाळेच्या दाखल्यावर एक नाव आहे, रेशनकार्डावर दुसरे आणि आधारवर तिसरे. तिला विचारूनच तिन्ही नावे मी त्याला कळवली. त्याचे उत्तर यायचे आहे.